दक्षिण खाडीत सध्या काही नाही

२ नोव्हेंबर

दादा,

शनिवारचा पेपर तुझ्या ऑफिसात सकाळीच येऊन पडतो, तेव्हा सातव्या पानावर 'पाणी आणि मासे' हे सदर पुन्हा सुरू झालेलं तुझ्या नजरेस येईलच. खाली नाव नाही म्हणून डोकं खाजवत बसू नकोस. ते मी लिहिलंय. यापुढे दर शनिवारी मीच लिहिणार आहे.

आधी कळवतेय, कारण सदर बंद झालं तेव्हा अप्पांना कोणी आधी कळवलं नव्हतं. फाटकाशी उभं राहून ते पानं पुढे-मागे उलटत राहिले आणि मग मला म्हणाले, "अगं, मधलं पान कुठे गळून पडलं का बघ."

परवा संपादक घरी आले होते. अप्पा गेल्याला सहा महिने होत आले, आता कसलं भेटायला येणं, पण आले. ओशाळल्यासारखे खुर्चीच्या कडेला बसले. चहा निम्मा झाल्यावर म्हणाले, "तुझ्या दादाचा फोन आला नसता, तर मी सदर कधीच थांबवलं नसतं."

मी विचारलं, "कसला फोन?"

"तो म्हणाला, अप्पांना हल्ली भास होतात. नसलेलं दिसतं, असलेलं दिसत नाही. पेपरची आणि घराची अब्रू जाण्याआधी थांबवा. घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर मी काय करणार?"

मला वाटत होतं, पेपरवाल्यांना जाहिरातीला जागा हवी असेल. इतके दिवस मी त्या भल्या माणसाला शिव्या घालत होते. त्या शिव्यांचा हिशेब आता तुझ्या नावावर घाल.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की अप्पांनी जे पाहिलं ते मीही पाहिलं होतं, कारण त्यांची बोट मी हाकत होते. संपादकांनी कप खाली ठेवला. बराच वेळ अंगणात पालथ्या घातलेल्या बोटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू लिहिशील?"

अप्पांनी असं काय मोठं लिहिलं होतं? की दक्षिण खाडीच्या तोंडाशी तू चर खणलास. मोठ्या बोटी आत यायला लागल्या. गाळ उसळत राहिला, पाण्याखालचं गवत मेलं, गवतातले खेकडे गेले आणि खेकड्यांमागे येणारे रुपेरी मासे यायचे थांबले. आयुष्यभर माणसांना उथळ पाण्यावर नेऊन, पिसांच्या फ्लायने, त्या खोट्या आमिषाने, मासा धरायला शिकवणाऱ्या माणसाने हे लिहिलं. आणि ज्या खाडीवर तुझं रिसॉर्ट उभं आहे, तिच्याबद्दल लिहिलं, हा त्यांचा गुन्हा.

या आठवड्याची स्थिती: पाणी कोमट, वारा ईशान्येचा, सकाळी मंद. उत्तरेच्या उथळावर भरतीच्या पहिल्या तासात रुपेरी चांगले. तपकिरी खेकड्याची फ्लाय चालतेय. खारफुटीच्या मुळांशी जिताडा, पण दोरी जाड लावा. दक्षिण खाडीबद्दल या वेळी काही लिहिलेलं नाही. मी अजून तिथे गेलेले नाही.

जाणार आहे.

धाकटी


१६ नोव्हेंबर

दादा,

मंगळवारी तुझ्या खाडीवर येऊन गेले. तुला भेटले नाही. भेटायला आलेच नव्हते.

मिस्त्रींनी इंजिन नीट करून दिलं आणि म्हणाले, "मीही येतो. एकटीने पाहिलंस तर उद्या तुलाही भास व्हायला लागतील." अप्पांच्या बोटीची डागडुजी करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय. तू लहान असताना त्यांच्या खांद्यावर बसून धक्क्यावर जायचास. आता त्यांच्यासमोर तुझं नाव काढलं की ते पाना उचलतात आणि घट्ट असलेलाच नट पुन्हा आवळत बसतात.

ओहोटी संपून भरती लागायच्या वेळी आम्ही आत शिरलो. अशा वेळी रुपेरी चरायला उथळावर चढतात, डोकं खाली खुपसतात आणि शेपट्या पाण्याबाहेर हलतात. मी पुढे रॉड घेऊन उभी राहिले. मिस्त्रींनी बांबू मारत बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. खाली नुसता राखाडी चिखल. गवताची एक काडी नाही. तुझी मोठी बोट बाजूने गेली तेव्हा सगळं पाणी चहासारखं झालं आणि आम्ही निघेपर्यंत तसंच राहिलं.

तिथे तुझं एक गिऱ्हाईक कमरेइतक्या पाण्यात उभं होतं. दातांचे डॉक्टर. टक्कल उन्हाने लाल झालेलं, अंगावर नवा कोरा शर्ट. दोरी मात्र सुरेख फेकत होते. फेकायचे, ओढायचे, पुन्हा फेकायचे. जणू रिकाम्या खुर्चीला तपासत होते.

मी विचारलं, "काही लागलं का?"

"तीन दिवस झाले. रोज सांगतात, कालपर्यंत होते."

"कोण सांगतं?"

"मालक स्वतः. म्हणतात, मासे आहेत, तुमच्या डोळ्यांना सवय नाही."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांना म्हटलं, "तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. इथे मासेच नाहीत."

दादा, त्या माणसाचा चेहरा तू पाहायला हवा होतास. मासा मिळाला नाही याचं त्याला काही नव्हतं. आपण वेडे नाही, एवढं कोणीतरी सांगितलं म्हणून तो हसला. एका परक्या माणसाला मी ते चटकन सांगू शकले. आपल्या बापाला वर्षभर सांगत होते तर त्याने ऐकलं नाही, कारण थोरल्या मुलाचा शब्द त्याला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मोठा वाटत होता.

शनिवारी छापून येईल ते आधीच सांगते, म्हणजे पाठीत वार केला असं व्हायला नको. सगळ्यात शेवटी एकच ओळ आहे: 'दक्षिण खाडीत सध्या काही नाही.'

अप्पांनी याच गोष्टीवर अर्धं पान लिहिलं होतं आणि कारणंही दिली होती. कारणं दिली की माणसं वाद घालतात. मी वाद घालायला जागाच ठेवलेली नाही.

धाकटी


७ डिसेंबर

दादा,

तू संपादकांना फोन केलास, हे ऐकून, खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटली. बहिणीलाही तेच झालंय, घराण्यातच आहे, असं म्हणालास ना? संपादकांनी तुला काय उत्तर दिलं ते त्यांनी मला दोनदा ऐकवलं, दुसऱ्यांदा जरा अभिनयासकट. "घराण्यात असेल तर तुम्हीही एकदा तपासून घ्या."

मग तू वहिनीला पाठवलंस. स्वतः यायचं धाडस नव्हतं, की मी दारात उभं करणार नाही अशी खात्री होती? वहिनी आली, चप्पल काढली, नेहमीसारखी सरळ स्वयंपाकघरात येऊन बसली. मी टेबलावर फ्लाय बांधत होते. लोकर, पिसं, दोऱ्याची रिळं, सगळा पसारा. तिने एक अर्धवट बांधलेला लोकरीचा खेकडा उचलून हातात फिरवला.

"ताई, तीन कुटुंबं आली होती, शनिवारी दुपारी निघून गेली. पुढच्या महिन्याची सगळी बुकिंगं रद्द झालीत. एका ओळीने असं होतं का हो?"

"एका फोननेही झालं होतं, वहिनी."

तिने मान खाली घातली. तिला फोनचं माहीत होतं, दादा. तिच्या मानेवरून कळलं. पण ती बाई खोटं बोलायला आली नव्हती, हे तिच्या बाजूने लिहून ठेवते. म्हणाली, "मी तेव्हा म्हटलं होतं ह्यांना, की बापाला असं करू नये. तर म्हणाले, तुला धंद्यातलं काय कळतं."

"मग आता का आलीस?"

"कारण घर त्याच धंद्यावर चालतं. अप्पा तर परत येणार नाहीत."

"तेच तर," मी म्हटलं. "ते परत आले असते तर मी सदर त्यांच्या हातात दिलं असतं आणि गप्प बसले असते."

तिने काय मागितलं माहीत आहे? खोटं लिही असं नाही म्हणाली. दक्षिण खाडीचा उल्लेखच करू नकोस म्हणाली. बारीक मागणी होती. क्षणभर मीही विचारात पडले. मग मला ती दुपार आठवली, ज्या दुपारी तू अप्पांना तुझ्या बोटीत बसवून खाडी दाखवायला नेलं होतंस.

तू विसरला असशील. मी बोटीच्या मागच्या फळीवर बसले होते. तुझे दोन बोटवाले होते. तू पाण्याकडे बोट दाखवलंस आणि त्यांना विचारलंस, "काय रे, गवत दिसतंय ना?" ते म्हणाले, "दिसतंय की, हे काय हिरवंगार." पगार तुझा, डोळेही तुझेच. अप्पा वाकून चिखलाकडे बघत राहिले. मी ओरडले, "अप्पा, काही नाहीये तिथे," तर तू हसून म्हणालास, "ही तुमची लाडकी, तुमच्या हो ला हो करणारच."

घरी आल्यावर त्यांनी आपला चष्मा काढला, तो पाण्याची चकाकी कापणारा, ज्याला ते कोणाला हात लावू देत नसत. पुसला, मिटला आणि माझ्यापुढे ठेवला. "हा तू ठेव. माझ्या डोळ्यांवर आता भरवसा नाही." त्यानंतर ते पाण्यावर गेले नाहीत. बोलवलं तर म्हणायचे, मी येऊन काय करू, मला उलटंच दिसेल. अंगणात बसायचे आणि समोरच्या झाडावर पक्षी बसला की आधी मला विचारायचे, बसलाय ना गं. तसेच खंगत गेले.

वहिनीला मी चहा दिला आणि फाटकापर्यंत सोडायला गेले. तिच्याशी माझं भांडण नाही. तिला सांग, मी नाही म्हणाले ते तुला म्हणाले.

या आठवड्याची स्थिती: पाणी थोडं थंडावलंय. उत्तरेला रुपेरी सकाळी उशिरा येतात, पण येतात. बोय माशांच्या थव्यामागे मोठा जिताडा फिरतोय, पांढरी फ्लाय वापरा. दक्षिण खाडीत सध्या काही नाही.

धाकटी


२५ जानेवारी

दादा,

मिस्त्री काल तुझ्या धक्क्यावरून आले. म्हणाले, मोठ्या बोटी डिसेंबरातच ओढून किनाऱ्यावर घेतल्यात, ताडपत्र्या घातल्यात. दोन्ही बोटवाल्यांना रजा दिलीस. जेवणाच्या हॉलमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्यात.

मला आनंद झाला. लपवत नाही. काल मी दोन माणसांचं जेवले आणि दुपारी आडवी झाले ती चांगली झोपले. लोक म्हणतात, सूड घेऊन माणूस आतून पोकळ होतो. होत असेल. मला तर भरल्यासारखं वाटलं.

आता एक बातमी, जी तू मला दिली नाहीस, डॉक्टरांनी दिली. तेच, दातांचे. ते तीन दिवसांचं अपयश त्यांना सोडवेना, म्हणून ते आता उत्तरेला माझ्या बोटीवर येतात. परवा त्यांना पहिला रुपेरी लागला. दोरी सुटली, रीळ किंचाळलं आणि ते इतके घाबरले की रॉडऐवजी त्यांनी माझा दंड धरला. मासा सोडून दिल्यावर बराच वेळ ओले हात तसेच पुढे धरून बसले. मग म्हणाले, "तुमचे भाऊ रिसॉर्ट विकताहेत. मी बघतोय घ्यायला."

मी म्हटलं, "मासे नसलेली खाडी घेऊन काय करणार?"

"मला मासे धरायचेत कुठे. निवृत्त होऊन समोर पाणी हवंय. आणि भाव पडलाय."

जन्मभर माणसांचे दात उपटले त्यांनी. समोरच्याला दुखतंय हे कधी ओळखायचं, ते त्यांना शिकवावं लागत नाही.

मी त्यांना घ्याही म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. तुझ्या आणि त्यांच्या व्यवहारात माझं बोट नाही. एवढं मात्र खरं, की त्या रिसॉर्टच्या पायात अप्पांनी विकलेली वरची वाडी आहे. तुझं बस्तान बसावं म्हणून त्यांनी ती विकली आणि मला म्हणाले, "थोरला उभा राहिला की तुलाही बघेल." बघितलंस हो, चांगलं बघितलंस.

धाकटी


१२ मार्च, गुरुवार

दादा,

हे पत्र मी साध्या टपालाने टाकतेय. सोमवारच्या आधी तुला मिळणार नाही. उद्या शुक्रवार, उद्या तुझी सही. तेव्हा तू हे वाचशील तोपर्यंत रिसॉर्ट डॉक्टरांचं झालेलं असेल.

मागच्या आठवड्यातलं वादळ तू घराच्या खिडकीतून पाहिलं असशील. आमच्याकडे दोन पत्रे उडाले, अप्पांची बोट अंगणातून शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत सरकली. समुद्र शांत झाल्यावर, मंगळवारी, मी एकटीच दक्षिण खाडीकडे गेले. सदरासाठी जायलाच हवं होतं. न बघता लिहायचं नाही, ही अप्पांची शिस्त.

तोंडाशी पोचले आणि तुझा चर सापडेना. वाळूने काठोकाठ भरला होता. तू यंत्रं लावून खणलेलं समुद्राने एका तडाख्यात बुजवून टाकलं. आत गेले तर पाणी काचेसारखं. तुझ्या मोठ्या बोटी तीन महिने किनाऱ्यावर पडल्यात ना, गाळ उसळायला कोणी नव्हतंच. तो खाली बसला होता, आणि त्यातून गवत वर आलं होतं. जागोजागी, हाताच्या पंजाएवढं, हिरवं. मी अप्पांचा चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. गवतच होतं.

आणि मग शेपट्या दिसल्या. आधी एक, मग पाच-सहा, मग डाव्या अंगाला पाणी उकळतंय की काय असं वाटावं इतक्या. रुपेरी डोकी खाली घालून चरत होते, उन्हात शेपट्या लखलखत होत्या. मी बोट सोडली, पाण्यात उतरले, गुडघ्याइतकं पाणी होतं. पाय घासत गेले, आवाज नको म्हणून. सगळ्यात मोठ्याच्या पुढे हातभर अंतरावर लोकरीचा खेकडा टाकला, तळाशी बसू दिला, किंचित हलवला. तो वळला, झुकला, आणि दोरी कडक झाली. उभ्या आयुष्यात असा मासा मी धरलेला नाही. एका दमात खाडी ओलांडून पार समुद्राकडे धावला, परत आला, पुन्हा धावला. शेवटी हातात घेतला. सोडला. जाताना त्याने माझ्या तोंडावर पाणी उडवलं.

मी तिथेच पाण्यात बसकण मारली आणि हसत सुटले. कारण मला कळलं, दादा, की हे मी केलं. मी ती एक ओळ लिहीत राहिले, तुझी गिऱ्हाइकं तुटली, तुझ्या बोटी थांबल्या आणि खाडी बरी झाली. तुला बुडवायला निघाले आणि तुझ्या दारात सोनं आणून ओतलं. ही खाडी आता जो कोणी सांभाळून वापरेल, त्याच्याकडे या किनाऱ्यावरची सगळी रॉडवाली माणसं रांग लावतील. सदर छापून येणार शनिवारी. तुझी सही शुक्रवारी. मी तुला फोन केला असता तर तू वाचला असतास.

फोन मी केला नाही. तूच केलास, काल संध्याकाळी. अप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला. तू इकडचं तिकडचं काही बोलला नाहीस. सरळ विचारलंस, "तू काल खाडीवर गेली होतीस म्हणे. तुला काही दिसलं का?"

मी विचारलं, "का?"

"काल मी कठड्यावर उभा होतो. लांब काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. शेपट्यांसारखं. हिला दाखवलं, तर तिला नाही दिसलं. पाणी चमकत असेल म्हणाली."

त्या वेळी माझ्यापुढे तव्यावर पोळी होती. ती करपत होती, वास येत होता, आणि मी गॅस बंद न करता उभी होते. तू म्हणालास, "धाकटे, खरं सांग. पाण्याबाबत तू खोटं बोलणार नाहीस."

मी म्हटलं, "नाही दादा. तिथे काही नाही."

तू म्हणालास, "हं. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं," आणि फोन ठेवलास.

छापलेली एकही ओळ मी खोटी लिहिलेली नाही. परवाच्या सदरात दक्षिण खाडीबद्दल सगळं येईल, शब्दन्‌शब्द खरं. खोटं मी एकदाच बोलले, फक्त तुझ्याशी. अप्पा असते तर त्यांना ते आवडलं नसतं. पण अप्पा नाहीत, आणि ते का नाहीत याचं उत्तर तुझ्याकडे आहे.

आता टपालपेटीपर्यंत चालत जाते.

धाकटी


२९ मार्च

दादा,

तू येऊन गेल्यापासून हे पत्र मनात लिहीत होते. आज कागदावर उतरवते, कारण तू आलास तेव्हा मी फार बोलले नाही आणि जे बोलले ते तू नीट ऐकलंस की नाही, शंका आहे.

तू दारात उभा राहिलास. माझी चिठ्ठी एका हातात, पेपर दुसऱ्या हातात. मला वाटलं होतं, तू ओरडशील. मी तयारीतच होते, सगळी उत्तरं ओठांवर होती. पण तू ओरडला नाहीस. केस किती पांढरे झालेत तुझे. पायरीवर बसलास आणि म्हणालास, "मला दिसले होते गं. खरंच दिसले होते. सही करतानाही मी स्वतःला बजावत होतो, वेड्यासारखं करू नकोस, तिथे काही नाही."

मला बरं वाटत होतं, ते थांबू नये असं वाटत होतं.

मग तू म्हणालास, "अप्पांना असंच वाटलं असेल, नाही?"

त्यावर मी जे म्हटलं ते पुन्हा लिहिते, कारण सगळ्या पत्रांत लिहायचं होतं ते हेच. असंच नाही, दादा. तुला पाच दिवसांत कळलं की तुझे डोळे धड होते. अप्पांना ते कधीच कळलं नाही.

तू रडलास. मी तुला पाणी आणून दिलं, पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला होता, हेही सांगते. हात उचलला गेला, मग मी त्या हाताने तांब्या उचलला. आणि तू गेल्यावर पायरी धुतली, का ते मला विचारू नकोस, माझं मलाच माहीत नाही.

आता कामाचं. डॉक्टरांनी चर पुन्हा खणायचा नाही असं ठरवलंय. मोठ्या बोटी विकल्या. खाडीत फक्त बांबूने चालवायच्या लहान होड्या. बोटींचं सगळं काम त्यांनी माझ्याकडे दिलंय, कोणाला घ्यायचं ते मी ठरवायचं. मिस्त्री आलेच आहेत. सदर सुरूच राहील, पण दक्षिण खाडीची ओळ आता संपादक लिहितात, मी सांगते तशी नाही, स्वतः येऊन बघतात तशी. ते मीच मागून घेतलं. एकदा खोटं बोललेल्या माणसाने आपल्याच अंगणाची साक्ष देऊ नये.

डॉक्टरांनी मला तुझ्याबद्दल विचारलं. "तुमचे भाऊ काम मागायला आले होते. कसे आहेत?" म्हणजे माझ्याकडून निघून तू थेट तिकडे गेलास. वहिनीने पाठवलं असणार, तिला घर चालवायचंय.

मी त्यांना म्हटलं, "ती खाडी त्याच्याइतकी कोणाला ठाऊक नाही. बांबू मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. शब्दावर मात्र जाऊ नका."

ते हसले. मी हसले नाही. मग त्यांनी विचारलं, "मग ठेवू का?" आणि मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत मी नाही म्हणायची सगळी कारणं जमवली, आणि ती चिकार आहेत. पण तू दूर कुठेतरी गेलास तर आपल्याला फसवलं गेलं, एवढंच तुझ्या लक्षात राहील. मला ते पुरेसं नाही. मला तू इथे हवा आहेस, रोज.

पुढच्या सोमवारी उजाडता धक्क्यावर ये. होडी तिसऱ्या खांबाला बांधलेली असेल. रॉड गिऱ्हाइकाच्या हातात, बांबू तुझ्या. गिऱ्हाईक वळून विचारेल, मासा आहे का. असेल तर आहे म्हण, नसेल तर नाही म्हण. मी मागच्या होडीत असेन, ऐकत.

धाकटी